शिक्षकाच्या कमरेला पिस्तूल: परवाना एक, परवानगी दुसरी, प्रशिक्षण तिसरंच

ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये निकाल दिला की शाळेत पिस्तूल बाळगून काम करणाऱ्या शिक्षकाने आधी पोलिसाचं मूळ प्रशिक्षण पुरं केलं पाहिजे. ते प्रशिक्षण होतं ७२८ तासांचं. सप्टेंबर २०२२ पासून त्याच राज्यात, त्याच कामासाठी, २४ तास पुरेसे ठरले. मधल्या सव्वा वर्षात ना शाळांच्या इमारती बदलल्या, ना पिस्तुलं, ना शिक्षक. बदलला तो कायदा.

अमेरिकेतल्या शिक्षकांच्या बंदुकांविषयी आपल्याकडे जे व्हिडिओ आणि फॉरवर्ड फिरतात, त्यातून असं वाटतं की सरकारने मास्तर-बाईंना रांगेत उभं करून पिस्तुलं वाटली. तसं कुठेच नाही. शिक्षकाला पिस्तूल बाळगण्याची सक्ती नसते, जो घेतो तो आपणहून पुढे येतो. पण ‘परवाना आहे, म्हणजे शाळेत नेता येतं’ हेही खरं नाही. शिक्षक पिस्तूल घेऊन वर्गात शिरतो तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याच्यामागे निरनिराळ्या तीन परवानग्या असतात, त्या देणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला वेगळ्याच गोष्टीची खात्री हवी असते. हा गुंता सुटला की बाकीचा वाद बराचसा कळतो.

पहिली परवानगी: सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याची

कपड्याआड, दिसणार नाही असं पिस्तूल जवळ बाळगणं याला तिकडे ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. त्याचा परवाना राज्य देतं. कुठे तो शेरीफच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाच्या, कार्यालयातून मिळतो, कुठे राज्याच्या पोलिस खात्याकडून. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पोलिस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी परवाना देतात आणि ‘तुम्हाला गरज काय’ हे अर्जदाराने पटवून द्यावं लागतं. अमेरिकेत उलट आहे. तिथे शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानतात. न्यूयॉर्कसारखी काही राज्यं ‘खास कारण दाखवा’ म्हणायची. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात तेही रद्द केलं. अर्जदाराविरुद्ध गुन्हा नाही, वय बसतं, राज्याने सांगितलेलं प्रशिक्षण झालंय, एवढं असलं की परवाना द्यायलाच हवा. त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारती ही शस्त्रबंदी घालता येण्याजोगी ‘संवेदनशील ठिकाणं’ असल्याचंही न्यायालयाने मान्य केलं, ते पुढे लक्षात ठेवायचं.

बरीच राज्यं त्याहीपुढे गेली. २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अटच काढून टाकली. तिथे कायद्याने पिस्तूल विकत घेता येणारा प्रौढ माणूस कुठलाही कागद न घेता ते कमरेला लावून बाजारात जाऊ शकतो. परवाने देणं मात्र तिथेही चालू आहे, आणि शाळेच्या बाबतीत त्या कागदाला अजून किंमत आहे. का, ते पुढे येतंच.

या परवान्यासाठी शिकवतात तरी काय? टेक्सासचं उदाहरण घेऊ. चार ते सहा तासांचा वर्ग होतो. त्यात कायदा, शस्त्र सुरक्षित ठेवणं, भांडण वाढू न देणं हे सांगतात. मग नेमबाजीची चाचणी. माणसाच्या आकाराचा कागदी पुतळा समोर टांगलेला असतो. पन्नास गोळ्या मिळतात: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. तीन यार्ड म्हणजे पावणेतीन मीटर, एका खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीइतकंही नाही. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पुतळा हलत नाही, ओरडत नाही, त्याच्या मागून-पुढून कोणी पळत नाही. शिकाऊ माणसाला हे सोपं नाही, पण थोडा सराव असलेल्याला जमतं. ओहायोत एकूण आठ तास, त्यातले किमान दोन प्रत्यक्ष गोळ्या झाडण्याचे. युटाचा परवाना तर एकही गोळी न झाडता मिळतो, वर्गात बसलं की झालं.

म्हणजे हा परवाना एवढंच सांगतो की या माणसाच्या हाती शस्त्र असायला कायद्याची हरकत नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स आहे म्हणून एसटी महामंडळ कुणाला पन्नास प्रवासी भरलेली बस घाटात न्यायला देत नाही, इतकं साधं आहे हे. पण राज्या-राज्यांच्या विधिमंडळांत नेमका यावरच खल चालतो.

दुसरी परवानगी: हजार फुटांचं रिंगण

आता केंद्राचा कायदा. १९९० साली अमेरिकन काँग्रेसने शाळेच्या आवारापासून हजार फुटांत, म्हणजे साधारण तीनशे मीटरच्या आत, बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं. १९९२ साली टेक्सासच्या सॅन अँटोनिओत बारावीचा एक मुलगा रिव्हॉल्व्हर घेऊन शाळेत आला, त्याच्यावर खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाच रद्द केला. कारण बंदुकीशी संबंधित नव्हतं. आंतरराज्य व्यापाराच्या नावाखाली केंद्राने शाळेच्या दाराशी काय चालावं हे ठरवणं अधिकाराबाहेरचं आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. घटनेच्या अभ्यासकांना हा खटला पाठ असतो. काँग्रेसने १९९६ मध्ये शब्दांची डागडुजी करून कायदा परत आणला आणि आजही तो लागू आहे.

त्यात काही सवलती आहेत. एक अशी की शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना तुमच्याकडे असेल, आणि तो देण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी तुमची पात्रता तपासली असेल, तर हे रिंगण तुम्हाला लागू नाही. शाळेने एखाद्याशी तसा करार केला असेल तरीही चालतं. म्हणूनच बिनपरवान्याच्या राज्यांतसुद्धा शाळेत पिस्तूल न्यायचं असणारा शिक्षक परवाना काढून ठेवतो. रस्त्यावर चालण्यासाठी त्याला त्या कागदाची गरज नसते, शाळेच्या फाटकाजवळ आला की असते.

केंद्राची हरकत संपली तरी शाळा आपोआप खुली होत नाही. राज्याचा स्वतःचा कायदा शाळेत शस्त्रबंदी घालू शकतो. बहुतेकांनी घातलीही आहे आणि मग तिला अपवाद जोडले आहेत. त्यातला महत्त्वाचा अपवाद म्हणजे शाळेचीच लेखी परवानगी.

तिसरी परवानगी: स्कूल बोर्डाची

अमेरिकेतल्या सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेल्या असतात. एक गाव, दोन-चार गावं किंवा शहराचा एखादा भाग मिळून एक डिस्ट्रिक्ट होतं, आणि त्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड पाहतं. शिक्षकांनी पिस्तूल बाळगायचं की नाही, हे बऱ्याच राज्यांत या बोर्डावर सोपवलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन डिस्ट्रिक्टमध्ये एकाने हो म्हणावं, दुसऱ्याने नाही, हे सर्रास होतं.

याची सुरुवात मोठ्या शहरात झाली नाही. टेक्सासच्या उत्तर सीमेवर हॅरल्ड नावाची चिमुकली वस्ती आहे. तिथल्या बोर्डाने २००७ मध्ये निवडक कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगू द्यायचं ठरवलं. शेरीफचं ठाणं लांब, काही घडलं तर पोलिस पोहोचेपर्यंत सगळं आटपलेलं असेल, हा त्यांचा मुद्दा. शिक्षकांच्या हाती शस्त्र देण्याच्या बाजूने जे काही बोललं जातं त्यात मला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. न्यूयॉर्कमध्ये बसून त्याला हसणं सोपं आहे. चहूबाजूंनी मैलोन्‌मैल शेतं, मध्ये एक शाळा, आणि एका पाळीला सगळ्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) गस्तीला शेरीफचे मोजके पोलिस, म्हणजे डेप्युटी, अशा गावात ‘पोलिसांना फोन करा’ हे पूर्ण उत्तर होत नाही.

तासांचा हिशोब

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. शिक्षकांना शस्त्र देणारे कायदे त्यानंतर एकामागून एक आले. साऊथ डकोटाने २०१३ मध्ये ‘स्कूल सेंटिनल’ योजना काढली, तिचं प्रशिक्षण ८० तासांचं. टेक्सासने त्याच वर्षी ‘स्कूल मार्शल’ आणले, त्यांनाही ८० तास आणि मानसशास्त्रीय तपासणी. टेक्सासच्या पहिल्या कायद्यात दोन अटी अशा होत्या की त्या लिहिणाऱ्याने शाळा आतून पाहिली असावी असं वाटतं. एक, पिस्तुलात आदळताच भुगा होणारी गोळीच भरायची, म्हणजे नेम चुकला तर ती भिंत भेदून पलीकडच्या वर्गात जाऊ नये. दुसरी, ज्याचा मुलांशी रोजचा थेट संबंध येतो त्याने पिस्तूल अंगावर न ठेवता हाताशी असलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवायचं. दुसरी अट पुढे काढून टाकली. पेटी उघडेपर्यंत उशीर होईल, असा युक्तिवाद झाला.

टेक्सासमध्ये मार्शलखेरीज आणखी एक वाट आहे. हॅरल्डने धरली ती ‘गार्डियन’ योजना. यात बोर्ड लेखी परवानगी देतं आणि प्रशिक्षण किती, कसलं, हे पुष्कळसं बोर्डच ठरवतं. राज्याचा १५ ते २० तासांचा एक अभ्यासक्रम आहे, त्याचा उपयोग करता येतो. एकाच राज्यात, एकाच इमारतीत, मार्शल आणि गार्डियन शेजारी शेजारी उभे असू शकतात. दोघांकडे सारखंच पिस्तूल, आणि दोघांच्या तयारीत साठेक तासांचा फरक. २०२३ मध्ये टेक्सासने प्रत्येक शाळेत शस्त्रधारी सुरक्षा अधिकारी हवाच असा कायदा केला. ज्यांना माणूस किंवा पैसा मिळत नाही त्यांना मार्शल किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यावर भागवण्याची सूट दिली. लहान डिस्ट्रिक्टसाठी ही सूट म्हणजेच नियम होऊन बसला.

फ्लोरिडाचं प्रकरण वेगळं. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंडच्या हायस्कूलमध्ये सतरा जण मारले गेले. शाळेत नेमलेला शस्त्रधारी डेप्युटी इमारतीबाहेरच थांबला, आत गेला नाही. मुलांच्या आड उभा राहून जीव गमावलेला सहायक फुटबॉल प्रशिक्षक ॲरन फाइस याच्या नावाने राज्याने महिनाभरात गार्डियन योजना सुरू केली. फाइसकडे कसलंच शस्त्र नव्हतं. सुरुवातीला, ज्यांचं काम निव्वळ वर्गावर शिकवण्याचं आहे त्यांना यातून वगळलं होतं, २०१९ मध्ये त्यांनाही घेतलं.

फ्लोरिडाचे १४४ तास जरा उलगडून बघण्यासारखे आहेत, कारण तिथे कायद्यानेच त्यांची फोड करून दिली आहे. ८० तास शस्त्र हाताळणी आणि नेमबाजी. १६ तास अचूक नेमाचे. ८ तास सिम्युलेटरसमोर: पडद्यावर प्रसंग चालतो, समोरच्याच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल हे ओळखून गोळी झाडायची की थांबायचं ते ठरवायचं. ८ तास चालू गोळीबारात काय करायचं याचे. ८ तास अंगावर आलेल्याला आवरण्याचे. १२ तास कायद्याचे. हे झाले १३२. उरलेले १२ तास शाळेतला प्रसंग चिघळू न देता निस्तरायचा कसा याचे. नेमबाजीत ८५ टक्के गुण मिळालेच पाहिजेत. मानसिक तपासणी आणि अमली पदार्थांची चाचणीही आहे. हे सगळं शेरीफच्या देखरेखीखाली होतं आणि पार पाडणाऱ्याला एकदाच ५०० डॉलर मिळतात. या पाचशे डॉलरवर शिक्षकांच्या खोलीत काय विनोद होत असतील, कल्पना करता येते.

आता ओहायोकडे परत येऊ, कारण ७२८ चे २४ कसे झाले हे सांगायचं राहिलं. २०१६ मध्ये बटलर काउंटीतल्या मॅडिसन शाळेच्या उपाहारगृहात एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. चार मुलं जखमी झाली, सगळी वाचली. २०१८ मध्ये बोर्डाने ठराव केला: ज्याच्याकडे कन्सील्ड कॅरीचा परवाना आहे आणि ज्याने २४ तासांचं प्रशिक्षण घेतलंय, अशा कर्मचाऱ्याला शाळेत पिस्तूल बाळगता येईल. काही पालक न्यायालयात गेले. त्यांचं बोट एका जुन्या कलमावर होतं. शाळेने नोकरीवर शस्त्रधारी माणूस ठेवायचा तर त्याचं पोलिस प्रशिक्षण झालेलं हवं, नाहीतर पोलिसातला वीस वर्षांचा अनुभव हवा. हे कलम चौकीदारांसाठी आहे, शिक्षकांसाठी नाही, असं बोर्ड म्हणत होतं. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी पालकांची बाजू घेतली: कलमात जे लिहिलंय ते लिहिलंय, नको असेल तर विधिमंडळाने बदलावं.

विधिमंडळाने बदललं. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या उवाल्डीत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत विधेयक मंजूर झालं. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी १३ जून २०२२ रोजी सही केली. योगायोगाने ओहायोत बिनपरवाना पिस्तूल बाळगण्याची मुभा लागू झाली तीही त्याच दिवशी. शिक्षकांसाठी राज्याची अट आता २४ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही, दरवर्षीची उजळणी आठ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही. बोर्डाला हवं तर त्याने स्वतःहून वाढवावी. त्या २४ तासांत काय काय बसवायचं याची यादी कायद्यात आहे आणि ती वाचताना दम लागतो: हल्लेखोराला रोखणं, तणाव निवळवणं, प्रथमोपचार आणि रक्तस्राव थांबवणं, आधीच्या शाळा-गोळीबारांचा इतिहास, मनावर होणारे परिणाम, घटनेनंतर मुलांना पालकांच्या ताब्यात देणं, प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव, आणि किमान चार तास बनावट प्रसंगांचे. तीन दिवसांत एवढं. बी.एड.चं मायक्रो टीचिंग ज्यांनी केलंय त्यांना तीन दिवसांत काय मावतं हे वेगळं सांगायला नको.

२४ तासांचे समर्थक म्हणतात, शिक्षकाला वाहन थांबवणं, अटक करणं, पंचनामा करणं शिकायचं नाहीये. पोलिसाच्या ७२८ तासांतला बराच भाग त्याच्या कामाचाच नाही. हे बरोबर आहे. पण उरलेला भाग २४ तासांचा आहे की १४४ चा, याला कुणाकडेच मोजून काढलेलं उत्तर नाही. आकडे आलेत ते तडजोडीतून.

पोलिसांचं काय होतं

गोळी लागणं किती अवघड असतं याचा एक अंदाज आपल्याला आहे. रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या गोळीबारांचा अभ्यास केला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी १८ टक्केच नेमक्या लागल्या. ही पूर्णवेळ, पगारी, दरवर्षी चाचणी देणारी माणसं. उरलेल्या ८२ टक्के गोळ्या कुठेतरी गेल्याच ना. शाळेच्या जिन्यात हा ‘कुठेतरी’ काय असेल, यासाठीच टेक्सासने भुगा होणारी गोळी सांगितली होती.

उवाल्डीत ३७६ पोलिस जमले आणि हल्लेखोराच्या खोलीत शिरायला ७७ मिनिटं लागली. गंमत अशी की या एकाच घटनेवरून दोन्ही बाजू आपापलं म्हणणं सिद्ध करतात. एक म्हणते, पोलिस असे वागणार असतील तर आतच कोणीतरी हवं. दुसरी म्हणते, एवढे प्रशिक्षित लोक गोठले, तिथे चौथीच्या बाईंकडून काय अपेक्षा करता? मला दुसरी बाजू जास्त पटते. पण पहिलीतला राग खोटा नाही.

आणि उरलेले दिवस

अमेरिकेत शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. बहुतेक शस्त्रधारी शिक्षकांच्या अख्ख्या नोकरीत हल्ला होणार नाही, पण पिस्तूल रोज सोबत येणार. सगळी प्रशिक्षणं त्या एका मिनिटासाठी बेतलेली. या १८० दिवसांचं काय, यावर कायद्यांत फार थोडं लिहिलेलं आढळतं, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

शिक्षक खाली वाकतो, पहिलीतलं मूल येऊन कमरेला मिठी मारतं. दोन पोरांची मारामारी सोडवताना तो मध्ये पडतो. खेळाच्या तासाला शर्ट वर जातो. आणि दिवसातून दोन-तीनदा तो स्वच्छतागृहात जातो, तिथे पँट खाली करताना होल्स्टरचं काय करायचं हा अगदी खरा प्रश्न आहे. २०१४ मध्ये युटाच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेच्या पिस्तुलातून स्वच्छतागृहातच गोळी सुटली, फुटलेल्या कमोडचे तुकडे तिच्या पायात घुसले. २०२३ च्या जानेवारीत टेक्सासच्या रायझिंग स्टार गावात शाळेच्या स्वच्छतागृहात विसरलेलं पिस्तूल तिसरीतल्या मुलाला सापडलं. ते डिस्ट्रिक्टच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं होतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सीसाइडमध्ये राखीव पोलिस असलेल्या एका शिक्षकाकडून सुरक्षेचाच तास घेताना छतात गोळी उडाली, एका विद्यार्थ्याला किरकोळ इजा झाली. या माणसाचं प्रशिक्षण २४ तासांपेक्षा कितीतरी जास्त झालेलं होतं.

आपल्या शेजारचंही एक उदाहरण आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवरच्या हल्ल्यानंतर खैबर पख्तुनख्वा सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगू दिलं, पोलिसांनी शिक्षिकांना नेमबाजी शिकवतानाचे फोटो जगभर छापून आले. पुढच्या जुलैत स्वात जिल्ह्यात शिक्षक पिस्तूल साफ करत असताना गोळी सुटली आणि बारा वर्षांचा विद्यार्थी गेला.

विमा कंपन्यांना हे १८० दिवस बरोबर दिसतात. कॅन्ससने २०१३ मध्ये शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली, तेव्हा तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने कळवलं की शस्त्रधारी कर्मचारी असलेल्या शाळेचा विमा आम्ही उतरवणार नाही. आयोवातल्या स्पिरिट लेक आणि चेरोकी या दोन डिस्ट्रिक्टनी २०२३ मध्ये आपल्या योजना गुंडाळल्या त्याही याच कारणाने. तिथल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये शाळेतल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा परवाना काढला आणि तो घेणाऱ्याला दाव्यांपासून बरंच संरक्षण देऊ केलं. विधिमंडळातली भाषणं काही असोत, हप्ता ठरवणारा माणूस भाषण करत नाही.

शिक्षकांना स्वतःला काय वाटतं? रँडने २०२२ च्या शेवटी केलेल्या पाहणीत ५४ टक्के शिक्षक म्हणाले, याने शाळा कमी सुरक्षित होतील. २० टक्क्यांना वाटलं, जास्त होतील. बाकीच्यांच्या मते फरक पडणार नाही. आणि पाचातला एक म्हणाला, परवानगी मिळाली तर मी घेईन.

पालकाला काय कळू शकतं

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनो, ओहायोत कोलंबसजवळचं डब्लिन, टेनेसीत नॅशव्हिलच्या आसपास, मराठी घरं आता सगळीकडे आहेत आणि त्यांची मुलं याच शाळांत जातात. ‘माझ्या मुलाच्या वर्गात पिस्तूल आहे का’ याचं उत्तर राज्यागणिक वेगळं मिळतं.

ओहायोत बोर्डाने परवानगी दिली असेल तर ती लोकांना कळवावी लागते, कुणाकुणाकडे आहे ते सांगायचं नसतं. टेक्सासमध्ये पालकाने लेखी विचारलं तर शाळेत मार्शल नेमलाय की नाही एवढं लेखी उत्तर द्यावंच लागतं, नाव मिळत नाही. युटात परवानाधारक शिक्षक कुणालाही न सांगता पिस्तूल नेऊ शकत आलाय. टेनेसीचा कायदा सगळ्यात बंद तोंडाचा. नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत मार्च २०२३ मध्ये तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर वर्षाने, एप्रिल २०२४ मध्ये, प्रेक्षक सज्ज्यातल्या घोषणाबाजीत हा कायदा झाला. शिक्षकाकडे राज्याचा वरच्या दर्जाचा परवाना हवा, बोटांचे ठसे देऊन तपासणी हवी, मानसशास्त्रीय दाखला हवा, दरवर्षी ४० तासांचं प्रशिक्षण हवं. मुख्याध्यापक, डिस्ट्रिक्टचे संचालक आणि स्थानिक पोलिसप्रमुख, तिघांची लेखी संमती हवी. क्रीडांगण, व्यायामशाळा आणि सभागृहात कार्यक्रम चालू असताना पिस्तूल नेता येत नाही. अटी बऱ्यापैकी कडक आहेत. पण पालकांना यातलं काहीही सांगायचं नाही, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांनाही नाही. हल्लेखोराला कळू नये म्हणून, असं कारण देतात. हल्ला चालू असताना धावत आत आलेल्या पोलिसाने हातात पिस्तूल घेतलेला शिक्षक आणि हल्लेखोर यांच्यात फरक कसा करायचा, याची जबाबदारी मग संमती देणाऱ्या पोलिसप्रमुखावर येते.

तेव्हा बोर्डाच्या बैठकीत हात वर करायची वेळ आली तर नाव विचारण्यात अर्थ नाही, ते मिळणार नाही. तास विचारले तर कायद्यातला आकडा वाचून दाखवतील. त्यापेक्षा हे विचारावं: पिस्तूल अंगावर असतं की पेटीत? पोहण्याच्या तासाला, सहलीच्या बसमध्ये, स्वच्छतागृहात ते कुठे जातं, हे कुठे लिहिलंय का? वर्षाची चाचणी कोण घेतं आणि नापास झालेल्याचं शस्त्र किती दिवसांत काढून घेतात? चुकून गोळी सुटली तर पालकांना कधी कळवणार? आणि शाळेच्या विमा कंपनीला हे सगळं लेखी कळवलंय का, कळवलं असेल तर तिचं उत्तर काय आलं?